पैठणीच्या फोटोंसाठी सॉफ्टवेअरची निवड : येवल्यातील एका दुकानाचे प्रकरण

परिस्थिती

येवल्यातील हे दुकान फार मोठे नाही. घरचे दोन माग, गावातील इतर विणकरांकडून घेतलेला माल आणि अलीकडे वाढत गेलेली व्हॉट्सअ‍ॅपवरची विक्री एवढाच त्याचा पसारा आहे. गादीवर सासरे बसतात. फोटो काढणे, ते ग्राहकांना पाठवणे, शंकांना उत्तरे देणे आणि पार्सल करणे ही कामे थोरल्या सूनबाईंकडे आहेत. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या मराठी ग्राहकाला साडी हातात घेऊन पाहता येत नाही. काठ, पदर, बुट्टे आणि रंग यांविषयीचा त्याचा सगळा निर्णय मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या चार फोटोंवर होतो, आणि तक्रारी येत होत्या त्याही याच फोटोंमुळे.

विणकामाला कोणी नाव ठेवत नव्हते. तक्रार रंगाची होती. ‘फोटोत राणी दिसत होती, हातात आली ती जांभळट’, ‘मी मोरपंखी मागवली, ही तर गर्द हिरवी आहे’, अशा स्वरूपाचे निरोप सणासुदीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत हमखास येत. परत आलेली पैठणी म्हणजे केवळ कुरिअरचा भुर्दंड नसतो. घडी मोडलेली, दोन घरांत हाताळली गेलेली साडी पुन्हा ‘नवी’ म्हणून दाखवताना दुकानदाराचाच जीव वरखाली होतो.

यावर उपाय म्हणून कुटुंबाने मला विचारलेला प्रश्न सरळ होता : फोटो एडिट करण्यासाठी कमी खर्चात कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? त्याआधी संगणक दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने जुन्या लॅपटॉपवर फोटोशॉपची ‘क्रॅक’ प्रत घालून दिली होती. ती काही दिवस चालली, मग उघडेनाशी झाली, आणि तिच्याबरोबर आलेल्या जाहिरातींच्या खिडक्या मात्र मागे राहिल्या. लॅपटॉप आय-थ्री प्रोसेसरचा, चार जीबी रॅमचा आहे. फोन मध्यम किमतीचा असून त्याच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ मोड, म्हणजे सेटिंग स्वतः ठरवण्याची सोय, आहे, मात्र तो कधी कोणी उघडलेला नव्हता.

प्रश्नाची फेरमांडणी

सॉफ्टवेअरची नावे समोर ठेवण्याआधी दुकानाच्या फोनमधले जुने फोटो एकत्र पाहिले आणि प्रत्येकात नेमके काय बिघडले आहे याची नोंद केली. काही फोटो तिरके होते, काहींत कडेला कॅलेंडर आणि गल्ल्याचा कोपरा आला होता, काही काळपट होते. ही दुरुस्ती फोनमध्ये आधीपासून असलेल्या गॅलरी अ‍ॅपमध्येही होते आणि तिच्यासाठी काही विकत घेण्याची गरज नाही. मात्र बहुतेक फोटोंमध्ये एक दोष समान होता. एकाच साडीच्या चार फोटोंत तिचा रंग चार प्रकारचा दिसत होता.

याचे कारण फोनमध्ये आणि दुकानाच्या उजेडात, दोन्हीकडे होते. कॅमेऱ्याचा ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून फोटोतले रंग आपोआप तटस्थ करणारा भाग, चौकटीतील सगळे रंग मिळून सरासरी साधारण करडी येते, असे ढोबळ गृहीतक मनात धरून चालतो. आधुनिक फोन त्यात बरीच हुशारी घालतात, पण संपूर्ण चौकट एकाच डाळिंबी किंवा पोपटी रेशमाने भरली की त्यांचाही अंदाज चुकतो. डाळिंबी साडी जवळून टिपली तर कॅमेरा ‘उजेडच लालसर दिसतो’ असे समजून लाल दाबतो, आणि मागे सरकून पांढरी भिंत चौकटीत आली की तीच साडी पुन्हा लाल होते. याच्या जोडीला छतावर पांढरे एलईडी, शोकेसमध्ये पिवळे दिवे आणि दारातून येणारा दिवसाचा उजेड, असे तीन प्रकारचे प्रकाश एकाच साडीवर पडत होते. पदर दाराकडे आणि काठ शोकेसकडे असेल, तर एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट पडते. संपूर्ण फोटोला एकच दुरुस्ती लावणारी कोणतीही पट्टी, मग ती फुकट सॉफ्टवेअरमधली असो की महागड्या, ही दोन टोके एका वेळी सुधारू शकत नाही.

म्हणून पहिला निर्णय सॉफ्टवेअरचा झालाच नाही, जागेचा झाला. माडीवरच्या उत्तरेकडील खिडकीजवळ, जिथे थेट ऊन येत नाही, तिथे साडी टांगण्यासाठी दांडी बसवली आणि फोटो काढताना खोलीतले सगळे दिवे बंद ठेवायचे ठरले. पावसाळी दिवसांसाठी एकाच जातीचे दोन एलईडी दिवे घेतले. ते घेताना वॅटपेक्षा रंगदर्शकतेचा निर्देशांक, म्हणजे खोक्यावर लिहिलेला सीआरआय, ९० किंवा त्याहून अधिक आहे ना, एवढे पाहिले. साध्या स्वस्त दिव्यांत तो ८०च्या आसपास असतो आणि त्या उजेडात गडद लाल रंग हमखास मळका दिसतो. राणी आणि डाळिंबी रंगांवर धंदा चालणाऱ्या माणसासाठी ही बाब कोणत्याही सॉफ्टवेअरहून महत्त्वाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडीच्या अटी

प्रकाशाची बाजू मार्गी लागल्यावर सॉफ्टवेअरकडून अपेक्षा बरीच कमी झाली. फोटोतील करड्या जागेवर बोट ठेवून रंग तटस्थ करता यावा, तीच दुरुस्ती त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना एकदम लावता यावी, मूळ फोटो जसाच्या तसा राहावा, चार जीबीच्या लॅपटॉपवर किंवा थेट फोनवर काम व्हावे, आणि व्यापारासाठी वापरण्यास कायद्याने मुभा असावी. थर रचणे, पार्श्वभूमी बदलणे, मॉडेलच्या चेहऱ्यावरचे डाग काढणे यांतले काहीही या दुकानाला लागत नाही. किंबहुना साडीच्या फोटोत जितका कमी हस्तक्षेप होईल तितके बरे.

शेवटच्या अटीवर थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्याकडे ‘फुकट’ या शब्दापाशी विचार संपतो. इरफानव्ह्यू हा १९९६ पासून चालत आलेला, अत्यंत हलका आणि जुन्या संगणकावरही वाऱ्यासारखा चालणारा प्रोग्रॅम आहे. शेकडो फोटोंचा आकार एकदम लहान करण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. पण तो फुकट आहे तो घरगुती वापरासाठी. दुकानाच्या कामासाठी त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. फास्टस्टोन इमेज व्ह्यूअरचेही तसेच. रक्कम किरकोळ असली तरी अट ती अटच, आणि ‘सगळेच वापरतात’ हे त्यावर उत्तर होत नाही. क्रॅक केलेल्या प्रतीविषयी तर बोलायलाच नको : भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या कलम ६३-ब नुसार संगणक-प्रोग्रॅमची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालयाला कैद न देण्याची सवलत या कलमात आहे, पण दुकानदाराला ती लागू होत नाही. हे वाचून दाखवल्यावर सासऱ्यांनी लॅपटॉप त्याच दिवशी फॉरमॅट करायला दिला.

पर्यायांची चाळणी

अ‍ॅडोबीचा विचार सर्वांत आधी झाला, कारण फोटोशॉप बनवणाऱ्या या कंपनीचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. तिचे लाइटरूम या कामासाठीच बनलेले आहे, आणि एका फोटोची दुरुस्ती इतरांना लावण्याची त्याची सोय उत्तम आहे. परंतु २०१३ पासून कंपनी एकदाच पैसे घेऊन सॉफ्टवेअर विकण्याची पद्धत सोडून वर्गणीकडे वळत गेली, आणि २०२५च्या जानेवारीत छायाचित्रकारांसाठीची २० जीबीची स्वस्त योजनाही नव्या ग्राहकांसाठी बंद झाली. वर्षभर हप्ता भरत राहायचे आणि त्यातील दहावा भागही वापरायचा नाही, हा व्यवहार या दुकानाला परवडणारा नव्हता. रोज शेकडो फोटो हाताळणाऱ्या स्टुडिओला तो कदाचित स्वस्तही वाटेल.

गिम्प हा मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, वाटता आणि बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरमधला जुना आणि भरवशाचा पर्याय आहे. १९९०च्या दशकात बर्कली विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी त्याची सुरुवात केली आणि मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. व्यापारासाठी वापरण्यास त्यात कोणतीही आडकाठी नाही. ‘लेव्हल्स’ या खिडकीतल्या करड्या पिपेटने, म्हणजे टेकवलेली जागा करडी मानणाऱ्या हत्याराने, रंग तटस्थही करता येतो. अडचण दुसरीकडे आहे : गिम्प एकेका चित्रावर बारकाईने काम करण्यासाठी घडवलेला आहे, आणि तीच दुरुस्ती पंचवीस फोटोंना लावायची तर वेगळे प्लग-इन घालावे लागते किंवा स्क्रिप्ट लिहावी लागते. सूनबाईंना एका दुपारी तो दाखवला, तेव्हा हत्यारांच्या पेटीकडे पाहून त्यांनी विचारले, “यातले आपल्याला किती लागणार?” प्रामाणिक उत्तर ‘दोन’ असे होते.

फोटोपी ब्राउझरमध्येच उघडते, त्याचा चेहरामोहरा फोटोशॉपसारखा आहे आणि फोटो कुठल्याही सर्व्हरवर न जाता आपल्याच संगणकावर हाताळले जातात. एखादे बॅनर करायचे किंवा कोणी पाठवलेली फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडायची तर त्याला तोड नाही. मात्र चार जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये मोठे फोटो उघडले की पंखा ओरडू लागतो, आणि मुख्य गरज तिथेही पुरी होत नाही. ऑनलाइन डिझाइनच्या कॅनव्हा कंपनीने २०२४ मध्ये फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअर अ‍ॅफिनिटीची कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून अ‍ॅफिनिटी फुकट केले, ही बातमी निवड चालू असतानाच चर्चेत होती. इतके कसदार सॉफ्टवेअर फुकट मिळत असताना ते का नाकारावे, हा प्रश्न रास्त होता. नाकारण्याची कारणे दोन : त्याचे बळ थर आणि मांडणी यांत आहे, ज्याची इथे गरज नाही, आणि जुन्या लॅपटॉपला ते पेलवत नाही. लॅपटॉप बदलला की हा निर्णय पुन्हा तपासावा, अशी नोंद करून तो बाजूला ठेवला.

उरले तीन. फोनसाठी स्नॅपसीड, आणि लॅपटॉपसाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी. शेवटचे दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, दोन्हींत मूळ फोटोला हात लागत नाही आणि दोन्हींत दुरुस्तीची ‘नक्कल’ इतर फोटोंवर चिकटवता येते. डार्कटेबल अधिक सखोल आहे, पण त्याची रंगदुरुस्तीची पद्धत शिकायला जड आणि यंत्राकडून जास्त ताकद मागणारी आहे. रॉथेरपी त्या मानाने सुटसुटीत वाटले. ते प्रत्येक फोटोच्या शेजारी दुरुस्तीची एक छोटी फाइल ठेवते. ती पुसली की फोटो मूळ अवस्थेत. स्नॅपसीडची गोष्ट निराळी. ते आयपॅडसाठी २०११ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी गुगलकडे गेले. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि त्याच्या व्हाइट बॅलन्समध्ये पिपेट आहे. तरीही सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये असे मी सुचवले. गुगलच्याच पिकासावर अनेक मराठी घरांतले अल्बम उभे होते, आणि २०१६ मध्ये ते बंद झाले. मोठ्या कंपनीची फुकट वस्तू तिच्या मर्जीने चालू असते. मुक्त सॉफ्टवेअरची निदान उतरवून ठेवलेली प्रत तरी चालत राहते.

निर्णय असा झाला : एखाद्या ग्राहकाने ‘आत्ता दाखवा’ म्हटले तर फोनवर स्नॅपसीड, आणि नव्या मालाच्या संपूर्ण खेपेसाठी लॅपटॉपवर रॉथेरपी. सॉफ्टवेअरवरचा खर्च शून्य. पैसे गेले ते दोन दिव्यांवर आणि एका करड्या कार्डावर.

एक साडी, जवळून

हे कार्ड काय करते ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बांगडी मोराच्या पदराची एक डाळिंबी पैठणी दांडीवर टांगली आणि पहिल्या फोटोत तिच्या पदराला लागून करडे कार्ड धरले. सूनबाईंनी आधी नेहमीचा पांढरा ए-फोर कागद धरला होता. त्यात गैर वाटण्यासारखे काही नव्हते, पण छपाईच्या कागदात चकाकी आणणारी रसायने असतात आणि दिवसाच्या उजेडात तो किंचित निळा दिसतो. नीळ दिलेल्या पांढऱ्या सदऱ्याची कथाही हीच. अशा कागदाला ‘तटस्थ’ मानून दुरुस्ती केली की निळा काढण्याच्या नादात सगळी साडी पिवळट होते. फोटोग्राफीसाठी मिळणारे करडे कार्ड यासाठीच असते.

फोनमध्ये ‘प्रो’ मोड उघडून व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधून टाकला, म्हणजे फोनने मधेच आपले मत बदलू नये. जरीचा काठ चमकून पांढरा पडू नये म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडे कमी ठेवले. कारण एकदा जरीचा तपशील जळाला की तो कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही; काळपट भाग मात्र नंतर उजळता येतो. मग कार्डासह एक आणि कार्डाशिवाय पदर, काठ, बुट्टा आणि संपूर्ण साडी असे फोटो घेतले.

रॉथेरपीत कार्डाचा फोटो उघडला तेव्हा कार्डावरील लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे १५१, १४० आणि १२१ असे होते. म्हणजे फोटो उबदार, पिवळसर होता. पिपेट कार्डावर टेकवताच तिन्ही आकडे जवळजवळ समान झाले आणि तपकिरीकडे झुकलेली साडी डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसू लागली. तिथून पुढे काम थोडे : एक्स्पोजर किंचित वाढवले, ‘सॅच्युरेशन’ला हात लावला नाही. ही दुरुस्ती कॉपी करून त्या साडीच्या बाकी फोटोंवर पेस्ट केली. पेस्ट करताना ‘पार्शल’ हा पर्याय निवडून फक्त व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर एवढेच चिकटवले, कारण प्रत्येक फोटोची कातरणी निराळी असते. शेवटी आकार लहान करून, एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या रंगप्रोफाइलमध्ये सगळे फोटो रांगेत टाकले. यंत्र जुने असल्याने फोटो बाहेर पडायला वेळ लागतो, पण तेवढ्यात घडी घालून होते.

सॅच्युरेशनविषयीचा नियम सासऱ्यांनी घातला आणि तो मला सर्वांत पटला. रंग ‘खुलवण्याची’ पट्टी कोणी सरकवायची नाही. फोटो शेजारी ठेवून साडी खिडकीत धरायची आणि फोटो साडीहून सुंदर दिसत असेल तर तो पाठवायचा नाही. यासाठी लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र विसंबून चालत नाही. तो स्वस्त जातीचा आहे, मान जरा खाली-वर केली की रंग बदलतो. तुलना फोनवर करायची ठरले, आणि तीही फोनच्या पडद्याची, रंग भडक दाखवणारी ‘व्हिव्हिड’ सेटिंग बंद करून.

परिणाम आणि शिल्लक अडचणी

नव्या पद्धतीनंतर एकाच साडीचे चार फोटो एकमेकांशी जुळू लागले, हा सर्वांत ठळक फरक होता. रंगाबद्दलच्या तक्रारी लक्षणीय कमी झाल्या. थांबल्या नाहीत, आणि थांबतील असे कुणी सांगितलेही नव्हते. ग्राहकाच्या फोनचा पडदा भडक असेल तर त्यावर दुकानाचा ताबा नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवते. २०२३ पासून ‘एचडी’चा पर्याय आहे, आणि काठाचा बारकावा दाखवायचा असेल तेव्हा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला जातो. मोरपंखी रंगाचे दुखणे याहून खोल आहे. त्याच्या निळ्या-हिरव्या छटांतील सर्वांत तेजस्वी छटा एसआरजीबीच्या कक्षेतच बसत नाहीत, म्हणून पडदा त्या दाखवतो तेव्हा थोड्या विझलेल्याच दाखवतो. तिथे फोटोखाली ‘प्रत्यक्षात रंग यापेक्षा थोडा तेजस्वी आहे’ असे लिहिणे हाच उपाय उरला.

सर्वांत अवघड ठरली ती धूपछाव. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असल्याने ही पैठणी समोरून एक आणि तिरप्या कोनातून दुसराच रंग दाखवते. इथे करडे कार्ड आपले काम चोख करते, तरीही ग्राहक गोंधळतो, कारण ‘खरा रंग’ नावाची एकच गोष्ट त्या साडीत नसते. सूनबाईंनी यावर स्वतःच तोडगा काढला. धूपछाव साडीचे दोन कोनांतून दोन फोटो, दोन्हींना एकच दुरुस्ती, शेजारी शेजारी जोडून पाठवायचे. खाली ताण्याचा आणि बाण्याचा रंग वेगवेगळा लिहायचा. आणि खिडकीत पदर हलवतानाचा एक छोटा व्हिडिओ जोडायचा. व्हिडिओला रॉथेरपीचा उपयोग नाही, तिथे फोनमधला बांधलेला व्हाइट बॅलन्सच कामी येतो.

लॅपटॉपचा प्रश्न अजून बाकी आहे. विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही. त्यावर लिनक्स घालून पाहण्याचा विचार चालू आहे. रॉथेरपी तिथेही तसेच चालते, आणि दुरुस्तीच्या जुन्या फाइल्स फोटोंबरोबर उचलून नेल्या की पुरते.